थोरला पुढे

शर्यतीच्या दिवशी पहाटे हिंमतराव गावंडे यांनी न्हाणीघराचं दार आतून लावलं, नळ सोडला आणि भिंतीला हात टेकून चालायला सुरुवात केली.

न्हाणीघर ते केवढं. जरा पुढे जायचं, वळायचं, मागे यायचं. नळाचा आवाज हवा होता. उजवी टाच टेकली की तोंडातून जो हुंकार निघे, तो बाहेर जाऊ द्यायचा नव्हता. झोपेतून उठल्यावरची पहिली पावलं सगळ्यांत वाईट. रात्रभरात टाचेमागची शीर वाळलेल्या वादीसारखी आखडायची. मग ती थोडी थोडी सैल होई आणि बघणाऱ्याला संशय येणार नाही इतपत चालता येई.

“पाणी काऊन वाया घालून राह्यले?” दुर्गाबाई बाहेरून म्हणाल्या. “टाकी सरली तं टँकर बोलवा लागते.”

त्यांनी नळ बारीक केला. चालणं थांबवलं नाही.

थंडीनं पाय आखडतात, असं त्यांनी बायकोला सांगून ठेवलं होतं. धायरीला जानेवारीत थंडी असतेच, त्यामुळे खोटं अगदीच खोटं नव्हतं. वडगावच्या डॉक्टरांकडे ते एकटे गेले होते. डॉक्टरांनी ती शीर दोन बोटांच्या चिमटीत धरून दाबली. हिंमतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. शीर झिजली आहे, डॉक्टर म्हणाले, आता धावणं बंद. चढ तर स्वप्नातसुद्धा नको. तुटली तर ऑपरेशन, प्लास्टर आणि कुबड्या. हिंमतरावांनी सगळ्याला मान डोलावली. मग बाहेर येऊन स्कूटरला किक मारली आणि त्याच संध्याकाळी क्लबात जाऊन शर्यतीसाठी आपलं नाव पक्कं केलं.

सिंहगड रस्त्याच्या आजूबाजूला धावणाऱ्यांचे चार-पाच क्लब होते. दर जानेवारीत त्यांची शर्यत लागे. खडकवासल्याच्या चौपाटीवरून निघायचं, डोणजे, गोळेवाडी करत आतकरवाडी गाठायची आणि तिथून पायवाटेनं गड चढून पुणे दरवाजा. पाच जणांची तुकडी. त्यांतले चौघे दरवाजातून आत गेले की तुकडी पोचली असं धरायचं.

या शर्यतीला एक रीत होती, ती दुसरीकडे कुठे नव्हती. संपत मास्तर नावाच्या एका निवृत्त व्यायामशिक्षकांनी ती घालून दिली होती. पहिल्याच वर्षी तरणी पोरं चढावर पुढे पळून गेली आणि त्यांच्यातला एक वयस्क गडी मागे चक्कर येऊन पडला. गडावर पोचून पोरांनी सरबत प्यायलं, तरी कोणाला पत्ता नाही. मास्तर भडकले. त्यांनी सांगून टाकलं की सडकेवर कसंही पळा, पण पायवाट लागली की तुकडीतला थोरला पुढे आणि बाकीचे त्याच्या मागे. त्याला ओलांडायचं नाही. थोरल्याला झेपेना, तर त्यानं कडेला उभं राहायचं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, ‘वाट दिली.’ मग बाकीच्यांनी पुढे निघायचं. थोरला मागून सावकाश आला तरी चालेल, खाली परत गेला तरी चालेल.

दोन शब्द. त्यात लाजण्यासारखं काही नाही, असं सगळेच म्हणत.

पण हिंमतरावांनी बाबुरावांचं काय झालं ते पाहिलं होतं. बाबुराव पोस्टात होते. हिंमतरावांच्या आधी या तुकडीचे थोरले तेच. एका वर्षी निम्म्या चढावर त्यांनी कडेला होऊन वाट दिली, ताक प्यायले, आणि काकडी खात खात मागून गडावर आले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर बाबुराव रविवारी नुसते चहाला येऊ लागले. मग तेही बंद झालं. कोणी त्यांना वाईट बोललं नव्हतं. कोणी त्यांना काहीच बोललं नव्हतं.

हिंमतराव मूळचे मेहकरकडचे. मिसरूड फुटत होतं तेव्हा पुण्याला आले आणि हडपसरच्या एका कारखान्यात लेथवर लागले. हात चांगला होता. लग्न झालं, धायरीत गुंठाभर जागा घेतली, वर पत्रे टाकले, पुढे स्लॅब टाकला. मग नव्वद साल उलटलं. बाहेरच्या कंपन्या आल्या, संगणकावर चालणारी यंत्रं आली, आणि हिंमतरावांच्या शेडमध्ये एक दिवस साहेबांनी सगळ्यांना बोलावून स्वेच्छानिवृत्तीची योजना समजावून सांगितली. त्या दिवसांत कारखान्यात ‘स्वेच्छा’ हा शब्द माणसं विनोदासारखा वापरत. जेवणाच्या सुट्टीला कोणी उठला की दुसरा विचारी, स्वेच्छेनं चाललास का?

काम सुटलं, पण पहिल्या पाळीच्या वेळेची जाग सुटली नाही. उजाडायच्या आत डोळे उघडायचे आणि जायला जागा नसायची. घरात बसलं की दुर्गाबाई बघायच्या. म्हणून ते कालव्याच्या रस्त्यानं चालायला लागले. नुसतं चालताना डोक्यात फार विचार येत. म्हणून पळायला लागले.

पुढे खराडीच्या एका संगणक कंपनीत त्यांना गाड्यांवर देखरेखीचं काम मिळालं. संध्याकाळी गेटवर उभं राहायचं, कोणाची गाडी कुठे लागली ते बघायचं. गळ्यात ओळखपत्रं घातलेली मुलं-मुली बाहेर येत आणि मोबाइलमधून डोकं वर न काढता विचारत, “काका, माझी कॅब?” वर्षानुवर्षं त्यांचं आणि त्या मुलांचं बोलणं एवढंच.

इंद्रजीत त्या मुलांतलाच एक. धायरीच्या जुन्या शेतकरी घरातला. आजोबा गेनबांच्या मळ्यावर आता सात मजली इमारती होत्या आणि त्यांतल्या एका इमारतीत तो राहत होता. एका पहाटे कालव्यावर त्याला हिंमतराव पळताना दिसले. तो थबकला. गेटवरच्या माणसाला पाय असतात हे त्याच्या तेव्हाच लक्षात आलं असावं. त्या रविवारी तो त्यांना क्लबात घेऊन गेला. तिथे योगेश होता, प्रियदर्शनी होती, ऋतुजा होती. सगळे कुठल्या ना कुठल्या कंपनीतले, सगळे तिशीच्या आतबाहेरचे. आणि बाबुराव यायचे बंद झाल्यावर पन्नाशीचे हिंमतराव त्या तुकडीचे थोरले झाले.

गेटवर ते ज्यांच्या गाड्यांची वाट बघत उभे राहत, तसलीच मुलं पायवाटेवर त्यांच्या मागे राहायची. ते वळले की वळायची. ते थांबले की थांबायची. हे त्यांनी कोणापाशी बोलून दाखवलं नव्हतं. दुर्गाबाईंनासुद्धा नाही.

दिवाळीच्या सुमाराला टाच दुखायला लागली, आणि तेव्हापासून त्यांनी ती लपवली. सरावाला ते सगळ्यांच्या आधी पोचत. स्कूटरवरून उतरून टाकलेली पहिली पावलं कोणाला दिसू नयेत म्हणून. मुलं येईपर्यंत पाय गरम करून ठेवत. गाडीतल्या रबरी चटईचा तुकडा कापून त्यांनी बुटात टाचेखाली घातला. दोन मोजे चढवत. निलगिरीचं तेल चोळत आणि सर्दी झाली म्हणून सांगत. धावून झालं की गप्पा मारायला न थांबता थेट स्कूटरवर बसत. मुलांना काही कळलं नाही, अशी त्यांची खात्री होती. कारण कोणी काही विचारलं नव्हतं.

शर्यतीच्या सकाळी चौपाटीवर धुकं होतं. धरणाचं पाणी दिसत नव्हतं. मक्याच्या कणसांच्या गाड्या ताडपत्रीखाली झाकलेल्या होत्या. वडगावच्या तुकडीचे थोरले उत्तरेश्वर हात चोळत जवळ आले. हा लातूरकडचा माणूस, वयानं हिंमतरावांच्या बरोबरीचा, पायानं बकरी.

“काय हिंमतराव,” उत्तरेश्वर नाक वर करून म्हणाले, “आज निलगिरीचा घमघमाट फार.”

“सर्दी आहे.”

“सर्दी नाकाला होते. वास पायाकडून येतोय.”

चौघं मुलं शेजारीच उभी होती. हिंमतराव हसले. योगेशनं बुटाची नाडी सोडून परत बांधली. इंद्रजीत धुक्याकडे बघत होता. एवढ्यात मास्तरांची शिट्टी वाजली आणि ते वाचले.

सडकेवर बरं गेलं. घरून निघताना त्यांनी दुखण्यावरची गोळी घेतली होती. डोणजे येईपर्यंत पाय गरम झाला आणि टाचेत नुसती एक जड, मुकी जाणीव उरली. बाजूनं गडावर जाणाऱ्या जीपा जात होत्या. जीपेतली माणसं पळणाऱ्यांकडे बघून हात करत. हिंमतरावांना वाटलं, जमेल. गोळेवाडीच्या पुढे चढ लागला तेव्हा ते वाटणं गेलं. प्रत्येक पावलाला कोणीतरी टाचेच्या वर सुई टोचून काढत होतं. त्यांनी चवड्यावर भार न टाकता सपाट पाऊल टाकायला सुरुवात केली. तसं केलं की वेग जाई, आणि वेग जायला नको म्हणून डाव्या पायावर जोर येई. डावी मांडी थरथरू लागली.

आतकरवाडीला पायवाटेच्या तोंडाशी तुकडीनं एकत्र व्हायचं असे. ते पोचले तेव्हा चौघंही आधीच येऊन उभी होती.

“काका, कसं वाटतंय?” इंद्रजीतनं विचारलं.

“झकास.”

इंद्रजीतनं त्यांच्या बुटांकडे पाहिलं आणि बाटलीचं झाकण लावलं.

“आज आरामात जाऊ या का?” ऋतुजा म्हणाली. “म्हणजे, माझाच मूड नाहीये फारसा.”

“हो ना,” योगेश म्हणाला. “रिझल्ट काय, इट्स ओके.”

“आरामात जायचं तर जीपनं जायचं,” हिंमतराव म्हणाले आणि पुढे झाले.

मागे चौघं एका रांगेत लागली. आधी ऋतुजा, मग इंद्रजीत, मग प्रियदर्शनी, शेवटी योगेश. वाट अरुंद होती, दोन्ही बाजूंना वाळलेलं पिवळं गवत. पायाखाली मुरूम आणि सुटे दगड. दगड सरकला की पाऊल मागे घसरे आणि शीर ताणली जाई. घाम फुटला होता, तो चढाचा नव्हता. मागे ऋतुजा आहे, तिची नजर खाली वाटेवर आहे, म्हणजे माझ्या टाचांवर आहे, हे त्यांना एकदम जाणवलं. इतके रविवार हे कसं सुचलं नव्हतं? त्यांनी उजवं पाऊल डाव्यासारखंच उचलायचा निश्चय केला. तो विजेच्या पहिल्या मनोऱ्यापर्यंत टिकला.

मागून योगेशची धाप ऐकू येत होती. चढ लागला की तो नेहमी अशी धाप टाकायचा. ती ऐकून त्यांना बरं वाटायचं. तरणा पोरगाही दमतो, म्हणजे आपण बरा वेग धरला आहे.

खाली, दोन वळणांच्या मागे, उत्तरेश्वरांची तुकडी दिसली. उत्तरेश्वर मान खाली घालून एका लयीत येत होते.

आता म्हणावं का? हिंमतरावांच्या मनात आलं. इथेच, या मनोऱ्यापाशी. कडेला व्हायचं, दोन शब्द बोलायचे. ही चौघं जातील. पहिला नंबरसुद्धा येईल कदाचित. मग वर टाळ्या होतील. मग पुढच्या रविवारी चहा. त्यापुढच्या रविवारी, काका दिसले नाहीत, असं कोणीतरी म्हणेल, आणि दुसरं कोणीतरी म्हणेल, हो ना. आणि सोमवारी संध्याकाळी गेटवर, काका, माझी कॅब?

मनोरा मागे पडला.

निम्म्या चढावर आतकरवाडीच्या मुक्ताबाई दह्याची मडकी मांडून बसायच्या. त्यांनी पदरानं माशा हाकलल्या, येणाऱ्या रांगेकडे पाहिलं आणि दुरूनच म्हणाल्या, “बाबा, पाय वढताय की तुमी. टेका वाईच.”

ते मोठ्यानं होतं. सगळ्यांना ऐकू गेलं असणार. आता मागून कोणीतरी विचारणार, काका, पायाला काय झालं? हिंमतराव उत्तर जुळवू लागले. दगड लागला, बूट नवा आहे. एक वळण गेलं. दुसरं गेलं. मागे नुसती पावलं वाजत होती. कोणी काही विचारलं नाही. त्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि वेग वाढवला.

तिथून पुढे वाट खडकावरून जाते. गुडघ्याइतक्या उंच पायऱ्यांसारखे दगड, झिजून गुळगुळीत झालेले. त्यांनी उजवा पाय वरच्या दगडावर ठेवला, चवडा रोवला आणि अंग वर उचललं.

कोणीतरी मागून टाचेवर दगड मारला.

ते गर्रकन वळले. “कोणी मारला?” ते ओरडले. “दगड कोणी मारला?”

ऋतुजा मागे दोन पावलांवर उभी होती. तिचे दोन्ही हात वर होते. तिच्या मागे तिघं. सगळ्यांचे चेहरे पांढरे पडलेले.

“कोणी नाही मारला, काका,” ती म्हणाली.

आवाज मुलांनीही ऐकला होता. वाळकी फांदी मोडावी तसा.

हिंमतरावांनी परत पाऊल टाकलं. दुखलं नाही. तेच चमत्कारिक होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच दुखलं नाही. पण पाय दुसऱ्याचा असावा तसा होता. त्याला जमीन मागे ढकलता येईना. ते वाटेवरच खाली बसले.

इंद्रजीत गुडघ्यावर बसला. त्यानं बूट काढला, दोन्ही मोजे काढले. रबराचा तुकडा खाली पडला. कोणी त्याच्याकडे बघितल्यासारखं केलं नाही. त्यानं टाचेच्या वर बोट ठेवलं. जिथे शीर घट्ट लागायला हवी तिथे बोट आत गेलं.

“तुटली,” इंद्रजीत म्हणाला.

तो उठला आणि बाजूला जाऊन फोन लावू लागला. त्याच्या चुलतभावाची जीप गोळेवाडीवर गडाच्या फेऱ्या करायची. भावाशी तो घरच्या बोलीत बोलला: चार गडी घेऊन ये, खुर्ची हाय का बघ, माणूस चालायच्या जोगा न्हाई. हिंमतराव त्या बोलण्याकडे लक्ष देऊन ऐकत राहिले. जणू ते दुसऱ्याच कोणाबद्दल चाललं होतं.

मग त्यांच्या ध्यानात आलं की मघाशी कोणाला आश्चर्य वाटलं नव्हतं. भीती वाटली होती, पण आश्चर्य नाही.

“तुम्हाला माहीत होतं,” ते म्हणाले.

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“कधीपासून?”

“दिवाळीपासून,” ऋतुजा म्हणाली. “आम्ही मागेच असतो ना, काका. दुसरं बघायला काय असतं?”

“मग बोलला का नाहीत?”

खालून उत्तरेश्वरांच्या तुकडीचे आवाज जवळ येत होते.

“इंद्रजीत आला होता तुमच्या घरी,” प्रियदर्शनी म्हणाली. “सांगायलाच आला होता.”

त्यांना आठवलं. महिन्याभरापूर्वी एका संध्याकाळी इंद्रजीत उगाचच आला होता. दुर्गाबाईंचा चिवडा खाल्ला, धायरीत पाण्याचे किती हाल आहेत यावर बोलला, चहा घेतला आणि गेला. जाताना दारात जरा जास्तच वेळ चप्पल घालत होता. गुणी पोरगा आहे, असं हिंमतराव बायकोला म्हणाले होते.

“तुम्ही थोरले,” योगेश खाली बघत म्हणाला. “तुम्हाला कोण सांगणार? वाटलं, तुमचं तुम्ही म्हणाल.”

हिंमतरावांना राग आला. आधी मुलांचा. शिकली-सवरलेली पोरं, आणि चौघांत मिळून एकाला तोंड उघडता येऊ नये. मग तो राग स्वतःकडेच परत आला. एवढे दिवस ही पोरं त्या दोन शब्दांची वाट बघत त्यांच्या मागून चालत होती. आणि ते समजत होते की आपण पुढे चाललो आहोत.

उत्तरेश्वर आले. त्यांनी पाहिलं, थांबले. या वेळी ते टोमणा मारणार नाहीत हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि तेच सहन होण्यासारखं नव्हतं. त्यांनी हिंमतरावांच्या खांद्यावर हात ठेवला, गाडी सांगितली का विचारलं, सांगितल्याचं ऐकून घेतलं. मग त्यांची तुकडी कडेच्या गवतातून एकेक करत पुढे गेली.

“जा तुम्ही,” हिंमतराव मुलांना म्हणाले.

“शर्यत गेली खड्ड्यात,” इंद्रजीत म्हणाला. “माणसं येईपर्यंत आम्ही इथेच.”

चौघं त्यांच्याभोवती बसली. ऋतुजानं त्यांच्या पायाखाली आपलं जॅकेट घडी करून ठेवलं. प्रियदर्शनीनं पाण्याची बाटली पुढे केली. ऊन अजून कोवळं होतं. हिंमतरावांना वाटलं, असंच राहू द्यावं. काही बोलायची गरज नाही. मी बोललो नाही तर ही जाणार नाहीत. खुर्चीत घालून मला खाली नेतील, चौघं चार बाजूंना. कंपनीत सगळ्यांना कळेल की काकांसाठी पोरांनी शर्यत सोडली. मी थोरलाच राहीन. पाय जाऊन तेवढं तर हातात राहील.

ते किती सोपं होतं याची त्यांना धास्ती वाटली.

त्यांनी दोन्ही हात मागे टेकले आणि बसल्या बसल्या अंग सरकवलं. इंद्रजीत उठवायला पुढे आला, त्याला हातानंच थांबवलं. पुन्हा सरकले. उजवा पाय दगडावरून खरवडत गेला. आता मात्र दुखलं. वाटेच्या बाहेर, गवतात, खडकाला पाठ लागेपर्यंत ते सरकत गेले.

“वाट दिली,” ते म्हणाले.

आवाज घशातच राहिला. चौघं हलली नाहीत.

त्यांनी छाती भरून श्वास घेतला. “वाट दिली,” ते ओरडले. आवाज पलीकडच्या उतारावर आपटून परत आला. खाली मुक्ताबाई मडक्यांपाशी उभ्या राहून वर बघू लागल्या.

“आम्ही नाही जाणार,” ऋतुजा म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

“मग मास्तरांना काय सांगू? माझ्या तुकडीला ऐकू येत नाही म्हणून?”

तिनं बाहीनं डोळे पुसले.

“चौघं लागतात आत जायला,” हिंमतराव म्हणाले. “चारच आहात. एकानंही मागे राहायचं नाही. मी इथून कुठे पळून जात नाही.”

योगेशला हसू आलं आणि त्यानं ते गिळलं. इंद्रजीत उभा राहिला. त्यानं हिंमतरावांकडे बघितलं, एकदा वर बघितलं. “काका, येतो,” म्हणाला, आणि ते बसले होते त्या खडकापासून पुढे गेला. मग प्रियदर्शनी. मग योगेश. सगळ्यांत शेवटी ऋतुजा.

पहिले दहा-बारा दगड ती हळू चढली. सवय होती. मग इंद्रजीतनं मान वर केली आणि पाय मोकळे सोडले.

हिंमतराव बघत राहिले.

ती चढत नव्हती. ती पळत होती. त्या उभ्या खडकावरून, दगडावरून दगडावर, हात न लावता, वानरांच्या कळपासारखी. प्रियदर्शनीची वेणी पाठीवर उडत होती. उत्तरेश्वरांची तुकडी वरच्या वळणावर होती, ते अंतर डोळ्यांदेखत आटत गेलं. आणि योगेश, जो त्यांच्या मागे नेहमी भात्यासारखी धाप टाकायचा, तो चढता चढता पुढच्याला काहीतरी ओरडून सांगत होता. आवाज खणखणीत होता. त्यात धाप नव्हती. नव्हतीच कधी.

त्यांना हसावं की काय ते कळेना. वळणावर ऋतुजा थांबून मागे वळली. त्यांनी जोरानं हात हलवून तिला पुढे हाकललं. ती गेली.

खालून मुक्ताबाई धापा टाकत आल्या. हातात दह्याचं मडकं होतं. त्या शेजारी गवतात बसल्या, त्यांच्या पायाकडे पाहून चुकचुकल्या, आणि मग त्यांचं लक्ष वर गेलं.

“ती कोन म्हनायची?”

“माझी तुकडी.”

“लई पळत्यात की.”

“हो ना,” हिंमतराव म्हणाले. “मलाही आजच कळलं.”